पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात



लागण, बेणे, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी आपण या पत्रिकेत नेहमी वाचता. पाण्याची पाळी चार दिवस लांबली तर आपण स्वस्थ बसत नाही. पाटकऱ्याला गाठतो, कचेरीत हेलपाटे घालतो, दहा जणांना विचारतो. पण घरातल्या लेकी-सुनेची पाळी दोन-दोन महिने लांबते, तेव्हा तो विषय कोणी काढत नाही. काढला तरी चुलीपाशी, दबक्या आवाजात. आणि लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही की मग हेच बोलणे ओसरीवर येते.

"हिची पाळीच धड येत नाही, हिला कुठले दिवस राहायचे?"

"आत्याबाई, मी तरी काय करू? मी काय मुद्दाम करते का?"

असे बोलणे किती वस्त्यांवर चालते ते आपल्याला ठाऊक आहे. त्यापुढे अंगारे-धुपारे होतात, नवस होतात, गावोगावची जडीबुटी होते, आणि काही ठिकाणी मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषाही निघते. या सगळ्यात पाच-सहा वर्षे जातात. बाईच्या वयाची हीच वर्षे मूल होण्यासाठी सर्वांत मोलाची असतात.

म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अनियमित पाळी म्हणजे वांझपण नव्हे. स्त्रीबीज कधी बाहेर पडेल याचा अंदाज लागत नाही, किंवा ते वर्षातून कमी वेळा बाहेर पडते, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. यातल्या पुष्कळ स्त्रियांना साध्या उपायांनी मूल होते. मात्र वेळ दवडता कामा नये, आणि तपासणी दोघांचीही झाली पाहिजे.

अनियमित कशाला म्हणायचे?

पाळी मोजायची ती अंगावर जायला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत. हे अंतर मोठ्या बाईत २१ ते ३५ दिवसांचे असले तर ते ठीक समजतात. पाळी महिन्याच्या महिन्याला त्याच तारखेला आली पाहिजे, असा काही नियम नाही. एखादीची दर ३३ दिवसांनी येत असेल तर तिची पाळी नियमितच आहे. दोन-चार दिवस मागेपुढे होणेही चालते.

अंतर २१ दिवसांहून कमी किंवा ३५ दिवसांहून जास्त असेल, एकदा २६ दिवसांनी तर एकदा ५० दिवसांनी पाळी येत असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर ती अनियमित म्हणावी. मुलगी न्हाती झाल्यावर पहिली काही वर्षे, बाळ अंगावर पीत असताना आणि पाळी जायच्या वयात ती मागेपुढे होतेच. "अंतरा" हे कुटुंबनियोजनाचे इंजेक्शन बंद केल्यावरही पाळी आणि गर्भधारणा पूर्ववत व्हायला सात ते दहा महिने लागू शकतात. तेवढ्याने घाबरू नये.

चौदाव्या दिवसाचा घोळ

"चौदाव्या दिवशी एकत्र या, दिवस राहतील," असा सल्ला पुष्कळ जणींना मिळालेला असतो. तो ऐकून जोडपी वर्ष-वर्ष चौदावा दिवस धरतात आणि निराश होतात. चूक त्यांची नाही, सल्लाच अर्धवट आहे.

जपानमधील डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियातील डॉ. क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागच्या पाळीशी बांधलेला नसतो. तो पुढच्या पाळीशी बांधलेला असतो. बीज बाहेर पडले की त्यानंतर सुमारे चौदा दिवसांनी पाळी येते. म्हणजे हिशेब मागून पुढे करायचा नाही, पुढून मागे करायचा.

२८ दिवसांची पाळी असेल तर बीज सुमारे १४ व्या दिवशी.
३५ दिवसांची असेल तर सुमारे २१ व्या दिवशी.
४५ दिवसांची असेल तर सुमारे ३१ व्या दिवशी.

आता पाहा. जिची पाळी ४५ दिवसांनी येते तिने चौदावा दिवस धरला, तर ती बीज यायच्या सतरा दिवस आधी वाट पाहून थकलेली असते. शिवाय अनियमित पाळीत पुढची पाळी कधी येणार हेच ठाऊक नसते. मग मागे मोजायचे कोठून? म्हणून अशा बाईने बोटे मोजून दिवस काढण्याचा खटाटोपच करू नये.

दुसरी गोष्ट. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर फार तर १२ ते २४ तास टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी घेऊन झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की गर्भ राहिला तो बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांतच. बीज येऊन गेल्यावर उपयोग नाही. याच नोंदींवरून २००० साली आणखी एक गोष्ट पुढे आली. हे सहाही दिवस पाळीच्या १० व्या ते १७ व्या दिवसांत बसतात, अशा स्त्रिया शंभरात सुमारे तीसच निघाल्या. या बहुतेक नियमित पाळीच्या बायका होत्या. मग अनियमित पाळीवाल्या बाईला चौदावा दिवस सांगण्यात काय अर्थ आहे?

मग दिवस धरायचे कसे?

आपण पेरणीला तारीख धरत नाही, वाफसा पाहतो. येथेही तसेच आहे.

सर्वांत सोपा आणि भरवशाचा मार्ग असा: पाळीचे दिवस सोडून एरवी दर दोन-तीन दिवसांनी नवरा-बायकोने एकत्र यावे. शुक्रजंतू काही दिवस टिकत असल्यामुळे बीज केव्हाही आले तरी ते आधीच हजर असतात. आपल्याकडे नवरा रात्रीच्या लाईटीला पाणी धरायला मळ्यात, हंगामात ट्रॅक्टरवर नाहीतर कारखान्याच्या रात्रपाळीवर. त्यात उपासतापास आणि पाहुणेरावळे. महिन्यात एकदा-दोनदाच भेट होत असेल तर अनियमित पाळीत गर्भ राहणे अवघडच. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यावे. जोडप्याला चार भिंतींचा आडोसा आणि सवड मिळायला हवी.

शरीरही खूण दाखवते. बीज यायच्या सुमारास अंगावरून जाणारा स्राव पातळ, निसरडा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा होतो आणि दोन बोटांत धरला तर तार निघते. हा रोग नव्हे, हे चांगले लक्षण आहे. ते दिसले की दिवस जवळ आले असे समजावे. स्रावाला घाण वास, खाज किंवा आग असेल तर मात्र तो आजार आहे, त्यावर औषध घ्यावे.

मेडिकल दुकानात बीज यायची वेळ दाखवणाऱ्या लघवीच्या पट्ट्या मिळतात. नियमित पाळीत त्यांचा उपयोग होतो. पण पीसीओएस असलेल्या बाईत त्या कधी कधी खोटी खूण दाखवतात. तेव्हा महिनाभर पट्ट्यांवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

नोंद ठेवा

उसाची लागण केली की आपण गट ऑफिसला तारीख नोंदवतो, कारण त्या तारखेवरच तोडणीचा कार्यक्रम ठरतो. तशीच पाळीची नोंद ठेवावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी आल्याच्या दिवशी एक खूण आणि थांबल्याच्या दिवशी दुसरी खूण, एवढेच पुरे. सहा महिन्यांची अशी नोंद घेऊन गेलात तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

या नोंदीत एक गोष्ट अवश्य लिहा. गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य किंवा वारीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर तसे लिहून ठेवा. त्या गोळ्यांनी पाळीचा हिशेब बिघडतो. आणि मूल हवे असताना, दिवस राहिले असण्याची शक्यता असताना त्या परस्पर घेऊच नयेत. तसेच पाळी "आणण्यासाठी" दिलेल्या गोळ्यांनी अंगावर गेले म्हणजे बीज तयार झाले, असे होत नाही. ते केवळ औषध बंद केल्यावर येणारे रक्त असते.

पाळी ३५ दिवसांच्या पुढे गेली की आधी लघवीची तपासणी करा. "हिची नेहमीच लांबते" म्हणून दुर्लक्ष केले आणि बाई तीन महिन्यांची गरोदर निघाली, असे होऊ शकते. तपासणीचा संच आशाताईंकडे "निश्चय" नावाने मिळतो. उत्तर नाही आले आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, भोवळ आली किंवा अंगावर जाऊ लागले, तर घरी थांबू नका. गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता असते आणि त्यात जिवाला धोका असतो.

पाळी का बिघडते?

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या पाहणीवरून त्याचे वर्णन केले. यात बीजकोशात अनेक लहान लहान बीजपुटके तयार होतात, पण त्यातले एकही पूर्ण पिकून बाहेर पडत नाही. सोबत हनुवटीवर राठ केस, मुरुमे, वजन वाढणे, मानेवर काळपटपणा अशी लक्षणे दिसतात. सडपातळ बाईतही हे असू शकते. सोनोग्राफीच्या कागदावर "सिस्ट" हा शब्द वाचून लोक घाबरतात आणि गाठी काढायची तयारी करतात. या गाठी नव्हेत, अर्धवट राहिलेली बीजपुटके आहेत. ती काढायची नसतात.

थायरॉइडचा दोष, प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढणे, वजन फार वाढणे किंवा फारच घटणे, मोठा मानसिक ताण यांनीही पाळी लांबते. पाळी अगदी कमी जाऊ लागली किंवा बंद झाली, तर आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोगही डॉक्टर पडताळून पाहतात. चाळिशीच्या आतच बीजे संपत येणे हेही एक कारण आहे. ते क्वचित आढळते, पण तेथे उशीर करून चालत नाही.

तपासणी दोघांची

आपण लागणीआधी बेणे पाहतो. डोळे फुगीर आहेत का, काणी नाही ना, गवताळ वाढ नाही ना, हे सारे पाहतो. उगवण झाली नाही तर एकट्या जमिनीला दोष देत नाही. मग घरात मूल झाले नाही की सगळा दोष बाईला कसा देतो? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडे पूर्ण किंवा काही अंशी कारण सापडते. बायकोची पाळी अनियमित आहे म्हणून नवऱ्याचे वीर्य ठीकच असेल, असे धरू नये. दोन्हींकडे कारण असू शकते.

पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा, एवढेच. त्यात शुक्रजंतूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून पहिला अहवाल कमी आला तर खचून जाऊ नये. तंबाखू, गुटखा, दारू बंद करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. ही तपासणी करून घेण्यात पुरुषपणाला काही उणेपणा येत नाही.

शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका औषध कारखान्यातल्या कामगारांना मुले होत नाहीत, असे त्यांच्याच लक्षात आले. तपासणीत पुष्कळ जणांचे शुक्रजंतू अगदी कमी किंवा शून्य निघाले. कारण होते सूत्रकृमी मारण्यासाठी जमिनीत घालायचे डीबीसीपी हे औषध. पुढे तेथे त्याच्या वापरावर बंदी आली. प्रत्येक फवारणीचे औषध असेच असते असे नाही. पण उघड्या अंगाने, हातमोजे-मास्क न लावता फवारणी करू नये, आणि फवारणीचे कपडे घरातल्या बाईला नुसत्या हाताने धुवायला देऊ नयेत.

बाईच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी या मुख्य. गरज पडल्यास गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते पाहतात. बीज आले का हे पाहणारी रक्ताची तपासणी "एकविसाव्या दिवशी" करायला सांगतात, पण तो दिवस २८ दिवसांच्या पाळीचा. ज्यांची पाळी लांबते त्यांनी तसे डॉक्टरांना आधी सांगावे, नाहीतर तपासणी चुकीच्या दिवशी होते आणि उगीच "बीज नाही" असा शिक्का बसतो.

उपाय

वजन जास्त असेल तर पहिला उपाय घरातच आहे. वजनाचा वीसावा ते दहावा हिस्सा घटला तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. ७० किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो कमी केले तरी फरक पडतो. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चालावे. आपण साखर तयार करणारी माणसे, तरीही सांगणे भाग आहे: दिवसातून पाच वेळा गोड चहा, बिस्किटे आणि थंड पेये यांना आवर घालावा. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या आपल्या घरच्याच आहेत. उलट जी बाई काटकुळी आहे, सगळ्यांच्या मागून उरलेसुरले खाते, तिला पोटभर आणि वेळेवर जेवण हाच उपाय आहे.

मूल हवे असे ठरले की त्याआधीपासूनच, शक्यतो तीन महिने, बाईने फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यावी. बाळाच्या मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील काही जन्मजात दोष त्याने टळतात. अनियमित पाळीत तर गर्भ राहिल्याचे उशिरा कळते, म्हणून ही गोळी आधीच सुरू असलेली बरी.

थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिनचा दोष निघाला तर त्याच्या गोळ्यांनी पाळी बहुधा ताळ्यावर येते. पीसीओएसमध्ये बीज पिकवण्यासाठी पूर्वी क्लोमिफीन देत, आता लेट्रोझोल पहिले दिले जाते. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात पाच पाळ्यांपर्यंत औषध देऊन पाहिले. लेट्रोझोल घेणाऱ्या शंभरातील २७ ते २८ जणींना मूल झाले, क्लोमिफीन घेणाऱ्या शंभरातील १९ जणींना. या गोळ्या पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस घ्यायच्या असतात. पण त्या शेजारणीची चिठ्ठी दाखवून आणायच्या नाहीत. जुळे राहण्याची शक्यता थोडी वाढते, आणि बीज कसे वाढते त्यावर सोनोग्राफीने लक्ष ठेवावे लागते. एवढ्याने काम झाले नाही तर पुढचे उपाय आहेत, ते खर्चाचे आहेत. टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्रात जायची वेळ आली तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे त्या केंद्राची नोंदणी आहे का, हे आधी विचारा. जमीन गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

पिशवी काढणे हा उपाय नव्हे

पाळीच्या तक्रारीवर "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असा सल्ला देणारे भेटतात. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीची. या बायका आपल्याच उसाच्या फडात कोयता चालवतात. पाळी अनियमित आहे म्हणून तरुण बाईची पिशवी काढणे चूक आहे. एकदा ती काढली की मूल होण्याची वाट कायमची बंद होते. असा सल्ला मिळाला तर सही करण्याआधी सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्या. आपल्या फडातल्या बायकांनाही हे सांगा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

नियमित पाळी असेल तर वर्षभर वाट पाहायला हरकत नाही. वर्षाच्या आत शंभरातील ऐंशीहून अधिक जोडप्यांत दिवस राहतात. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. पाळी अनियमित असेल तर मात्र वाटच पाहू नये. मूल हवे असे ठरवले की लगेच, आणि दोघांनी मिळून जावे. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयापासून करता येते.

शेवटी थोडक्यात सांगायचे तर:

१. पाळीची तारीख लिहून ठेवा.
२. चौदावा दिवस विसरा. दर दोन-तीन दिवसांनी एकत्र या.
३. पाळी लांबली की आधी लघवीची तपासणी करा.
४. फॉलिक ॲसिड आधीपासून घ्या.
५. नवऱ्याची तपासणी पहिल्या फेरीतच करून घ्या.
६. पाळी अनियमित असेल तर वर्ष दवडू नका.

आणि घरातल्या सासूबाईंना, आजीबाईंना एक विनंती. सुनेला बोल लावून बीज पिकत नाही. तिला डॉक्टरांकडे नेताना "चल बाई, मीही येते तुझ्याबरोबर" एवढे म्हणालात, आणि मुलालाही "तूही चल" म्हणून दटावलेत, तर घरात पाळणा हलण्याच्या कामाला तुमचाही हातभार लागेल.